येत्या पाडव्यापर्यंतची पट्टी

घर घेतलं की माणूस निवांत होतो म्हणतात. मी नाही झाले. अकोल्यातलं आमचं घर दसऱ्यानंतर माझ्या नावावर झालं आणि तेव्हापासून माझ्या पायाला जी भिंगरी लागली ती चैत्राच्या तोंडापर्यंत सुटली नाही. शाळेत शिकवून आले की चप्पल न काढता घरात एक फेरी, अंगणात एक फेरी, पुन्हा घरात. आमचे हे पोस्टात कारकून. दिवसभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारून दमलेले असायचे. ते म्हणायचे, "अवं, बस ना जराशी. घर कुठी पळून चाललं का?"

पळून जाईल असंच मला वाटत होतं. दोन खोल्या, वर टिनं, मागे कडुनिंब असलेलं अंगण. एवढ्यासाठी मी अंगावरचं सोनं मोडलं होतं आणि शाळेतल्या फंडातून कर्ज काढलं होतं. म्हणून खरेदीखतही माझ्याच नावावर. त्याआधी आम्ही पुष्कळ घरं पाहिली. आडनाव सांगेपर्यंत घर विकाऊ असायचं. आडनाव सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं की पुतण्याला विचारायचं राहिलंच, किंवा म्हातारीचा जीव घरात गुंतलाय. धम्म घेऊन आम्हाला काही वर्षं झाली होती, आम्ही बदललो होतो, पण लोकांच्या पुतण्यांना विचारायचं राहतच होतं.

या घराचा मालक मात्र वेगळा निघाला. कापसाचा अडत्या. अकोल्यातली अडत बंद करून अमरावतीला मुलाकडे राहायला चालला होता. त्यानं आमचं आडनाव ऐकलं आणि एकच विचारलं, "पैसे रोख हायेत ना?" मी हो म्हटलं. झाला व्यवहार. सगळे त्यांना शेठजी म्हणत, मीही म्हणू लागले.

खरेदीखत लिहिताना दस्तलेखकानं मान वर न करता विचारलं, "घरपट्टीचं काय लिहू?" शेठजी म्हणाले, "लिव्ह, येत्या पाडव्यापर्यंतची पट्टी इकनाराकडं, पुढची घेनाराकडं." मी मान हलवली. ह्यांनी मान हलवली. दस्तलेखकानं लिहिलं आणि शाई टिपायला वर वाळू टाकली. कोणीही एका शब्दानं काही विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं आपल्याला सगळं कळलं.

आता नळाचं सांगते, कारण सगळा जीव त्यात अडकला होता. आमच्या गल्लीत एकच विहीर, शेजारच्या अंगणातली. मला तिथं कोणी नाही म्हणत नसे. पण मी घागर घेऊन गेले की आधीच्या बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या. जागा करून द्यायच्या म्हणा, नाहीतर दुसरं काही म्हणा. तोंडावर कोणी बोलतच नाही, तर भांडायचं कोणाशी? दोन-चार दिवस गेले आणि मी विहीर सोडली. चौकातल्या सरकारी नळावरून पाणी आणू लागले. शाळेच्या आधी एक खेप, शाळेनंतर दोन. आणि तेवढ्यात कळलं की नगरपालिकेची नवी पाइपलाइन आमच्या गल्लीपर्यंत येतेय. ज्याचं नाव घरपट्टीच्या रजिस्टरात, त्याला घरात नळ. अर्ज मार्चअखेरपर्यंत.

हे ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत. तिथला कारकून सज्जन माणूस. त्यानं रजिस्टर उघडलं, नाव अजून शेठजींचंच होतं. "नाव बदलून देतो ना बाई, लगेच देतो. पण दुसऱ्या सहामाहीची पट्टी बाकी आहे. बाकी असताना नाव बदलत नाही."

मी खरेदीखतातली ओळ वाचून दाखवली. पाडव्यापर्यंतची पट्टी विकणाऱ्याची.

"ते तुमचं दोघांतलं," तो म्हणाला. "आमच्याकडे पट्टी कोणी का भरेना, भरली पाहिजे."

घरी आले तर हे म्हणाले, भरून टाकू. एवढं काय त्यात? दिवाळीनंतर शेठजींची एक लहानशी मनीऑर्डर आली होती, 'पट्टीबाबत' असं लिहिलेली. आम्ही समजलो पहिला हप्ता. उरलेलं आपण घालू आणि मोकळे होऊ, असा ह्यांचा हिशेब.

"काहून भरू?" मी म्हटलं. "कागदावर त्यायनं कबूल केलं."

"अवं, ज्या मानसानं आपल्याले घर देल्लं..."

"देल्लं नाही. इकलं."

ह्यांनी विषय सोडला. पण माझ्या डोक्यातून तो शब्द जाईना. घर दिलं. गल्लीतही तेच बोललं जायचं, शेठजींनी मोठ्या मनानं घर दिलं यांना. अरे, पैसे मोजून घेतलं! माझ्या गळ्यातलं गेलं त्यात. दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर घेतलं म्हणाले असते, आम्ही घेतलं की ते दिलं जातं. पट्टी भरणं जड होतं, हातात काही उरलं नव्हतं, तेही खरं. पण भरली असती तर माझ्या मनात ते घर कायमचं दिलेलं झालं असतं, आणि नळ आला असता तोही दिलेला. मला विकत घेतलेलं घर हवं होतं.

शेठजींना कार्ड टाकलं. उलट टपाली उत्तर आलं: 'पाडव्यापर्यंतची रक्कम पाडव्यालाच रवाना केली आहे. हिशेब बेबाक.' मी कार्ड उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. पाडवा यायला अजून वेळ होता! शेठजी म्हातारे झालेत की मला वेड्यात काढताहेत, ते कळेना. शाळेत पोरींना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभी राहायची आणि त्या कुठे चुकल्या तेही ऐकू यायचं नाही.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं अमरावतीला निघाले. हे म्हणाले मी येतो, मी म्हटलं नको, तुम्ही आलात की 'घर दिलं' म्हणाल. मूर्तिजापूरला गाडी जी थांबली ती हलेना. छोट्या लाइनच्या गाडीतून उतरलेली माणसं पोत्यांसकट आमच्या डब्यात शिरली, तरी हलेना. मी दोनदा खाली उतरले आणि दोनदा चढले. समोरची म्हातारी म्हणाली, "बाई, तू उतरून ढकलनार हायेस का गाडी?" सगळा डबा हसला. मीही हसले, पण बसवेना. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती.

शेठजी मुलाच्या बैठकीत गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. मला पाहून उठून बसले. "या मास्तरीनबाई. घर बराबर हाये ना? टिनं गयत तं नाई?" सुनेनं चहा आणला, त्यांच्यासारख्याच कपबशीत. मी ते बरोबर पाहिलं, आणि पाहिलं म्हणून मला स्वतःचाच राग आला. भांडायला आलेल्या माणसाला चांगुलपणा फार अडचणीचा असतो.

"शेठजी, पट्टी भरायची रायली."

"कोन्ती पट्टी? मी तं पाडव्यालेच मनीऑर्डर केली."

"पाडव्याले? पाडवा झाला कुठी? फागून चालू हाये अजून."

"असं कसं म्हनता? दिवाईचा पाडवा नाई झाला काय?"

माझ्या हातात कप तसाच राहिला. दिवाळीचा पाडवा! माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या घरात दिवाळी राहिली नव्हती, हे एक. पण ती असती तरी मला तो पाडवा सुचला नसता. शेठजींना दुसरा सुचला नव्हता. त्यांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला संपायचं. वहीपूजन झालं, जुनी वही बांधून ठेवली, नवीवर कुंकवाचं बोट उठलं, की मागचं मिटलं. दसऱ्यानंतर 'येता पाडवा' म्हणणाऱ्या अडत्याच्या मनात दुसरं काय असणार? त्यांनी दिवाळीपर्यंतचा हिस्सा काढून चोख पाठवला होता. मला क्षणभर हसू आलं. मग लगेच लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. नळ अजून तिथंच अडकलेला होता.

"आमाले वाटलं चैताचा पाडवा," मी म्हटलं.

"तुमाले वाटलं, मले नाई वाटलं. माही वही बंद झाली बाई. बंद केल्लं खातं मी उघडत नसतो, बापजन्मात उघडलं नाई. पहले लिख, पीछे दे, भूल पडे तो कागज से ले. कागदात पाडवा हाये."

"पाडवा हाये. कोन्ता थे नाई."

शेठजी तक्क्यावरून पुढे सरकले. "अन् तुमी लोकं तं आता सनवार मानतच नाई म्हनतात. मंग तुमाले कोन्ताबी पाडवा चालाले पायजे."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, वाद जिंकायची घाई होती. तरी मला झोंबलं.

"मानत नाई," मी म्हटलं. "पन मले पाडवा चांगला मालूम हाये. माहा बाप सालदार होता."

आणि मग मी सांगत सुटले. नांदगाव खंडेश्वराकडच्या एका खेड्यात बाप पाटलाकडे सालानं राबायचा. म्हणजे वर्षाचा करार, वर्षाचं धान्य आणि थोडे पैसे. हे साल पाडव्याला सुरू आणि पाडव्याला खलास. गुढी आमच्या घरावर कधीच नव्हती, ती दुसऱ्यांच्या घरांवर दिसायची. आमचा पाडवा म्हणजे बाप सकाळीच पाटलाच्या अंगणात जाऊन बसणार, आणि माय चूल न पेटवता दाराशी उभी राहणार. पाटलानं 'रहा' म्हटलं तर आणखी एक साल. 'यंदा नको' म्हटलं तर त्याच दिवसापासून दुसरं दार. आम्ही पोरं त्या दिवशी खेळतही नसू. बाप वळणावर दिसला की त्याच्या चालण्यावरून माय ओळखायची आणि मग चूल पेटायची, किंवा नाही. 'पाडवा' म्हटलं की मला ते वळण दिसतं. पाडव्याला साल संपतं. दुसरा पाडवा असतो हे मला शाळेत कळलं.

शेठजी ऐकत होते. मला थांबता येईना.

"अन् धोंड्याचा महिना आला की साल तेरा महिन्याचं व्हाचं. पैसे बाराचेच. बापानं एकदा इचारलं तं पाटील म्हने, साल म्हंजे पाडवा ते पाडवा, मधात किती महिने आले थे मी नाई मोजत. तवा कागद नव्हता, शेठजी. तोंडी होतं. तरी पाडवा कोन्ता थे सगळ्यायले मालूम होतं."

सून दारातून आत निघून गेली. दर्यापूरकडे शेठजींची शेती होती, हे मला ठाऊक होतं. मग जे मनात नव्हतं तेही तोंडातून गेलं.

"तुमच्याकडं बी सालदार असतीन. त्यायचा पाडवा कोन्ता होता?"

"चैताचा," शेठजी म्हणाले.

"मंग तुमच्या एकाच घरात दोन पाडवे होते. वहीचा एक अन् मानसायचा एक."

"असते तसं," ते म्हणाले. "सगळीकडंच असते."

"धोंड्याच्या महिन्याचे पैसे देत होते तुमी त्यायले?"

शेठजींनी कपाळावरची टोपी मागे सारली, पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाले, "गाडीची येळ होईन तुमची. मी इचार करतो."

परतीची वाट मला जाण्यापेक्षा लांब वाटली. बडनेऱ्याच्या फलाटावर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. काय करून बसले होते मी? भांडायला गेले होते पट्टीसाठी आणि काढलं काय, तर बापाचं साल. ज्यानं आडनाव ऐकूनही घर विकलं, त्याच्याच बैठकीत बसून, त्याचाच चहा पिऊन. उद्या आमच्यातला दुसरा कोणी घर मागायला गेला तर हेच शेठजी म्हणतील, नको रे बाबा, एकदा विकून पाहिलं. मला स्वतःची भीती वाटली. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की बोलले त्यातला एक शब्दही मागे घेण्यासारखा नाही.

मार्च सरत आला. गल्लीत पाइप येऊन पडले. पोरं त्यांत तोंड घालून हाका मारायची. अमरावतीहून ना पत्र, ना मनीऑर्डर. हे कधी चिडत नाहीत, पण एका संध्याकाळी चिडले.

"तुले नळ पायजे का भांडन पायजे?"

"दोनी," मी म्हटलं. ह्यांनी कपाळावर हात मारला.

पण अखेरचे दिवस आले तेव्हा माझाही ताठा उतरला. चौकातला नळ उन्हाळा लागताच करंगळीएवढा झाला होता आणि रांगेत रोज तू-तू मैं-मैं. शेवटी मी पैसे रुमालात बांधले. शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. मनाला समजावत होते की नळ आला म्हणजे विसरशील, आणि मन काही ऐकत नव्हतं. कुलूप लावत होते तोच गल्लीच्या तोंडाशी सायकल-रिक्षा थांबली आणि शेठजी उतरले. कोट, टोपी, हातात छत्री. त्यांनी आधी टिनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोठी चालल्या?"

"नगरपालिकेत."

"मी बी तिकडंच आलतो. चला."

ते छत्री टेकत पुढे निघाले. खिडकीशी त्यांनी आतल्या खिशातून पैसे काढले आणि संपूर्ण सहामाहीची पट्टी भरली. दिवाळीपर्यंतचा हिस्सा त्यांनी आधीच पाठवला होता, म्हणून मी रुमालातून तेवढे काढून त्यांच्यापुढे धरले. ते त्यांनी नीट मोजून घेतले. ते मोजत होते तेव्हा मला फार बरं वाटलं. उपकार करणारा माणूस असं मोजून घेत नाही.

कारकुनानं पावती फाडली आणि माझा अर्ज पुढे ओढला. "मालक म्हणून मिस्टरांचं नाव लिहायचं ना?"

मी बोलायच्या आत शेठजी म्हणाले, "बाईनं घेतलं घर. बाईचंच लिव्हा."

घेतलं. तो शब्द मी ऐकला. नळ पुढे वैशाखात आला. पहिल्या दिवशी मी घागर लावलीच नाही, तोटी सोडून नुसती पाहत उभी राहिले, आणि पाणी वाया चाललं म्हणून हे ओरडले. पण त्या दिवशी, नगरपालिकेच्या ओट्यावर, अजून एक काम बाकी होतं. शेठजींनी खिशातून कोरा कागद काढला, फाउंटन पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"फारखत लिवून द्या, मास्तरीनबाई. देनंघेनं मिटलं, असं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या घराण्यानं आजवर दुसऱ्यांच्या कागदांवर अंगठे दिले होते. आमच्याकडे फारखत मागायला कधी कोणी आलं नव्हतं. मी ओट्यावर बसले, कागद मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. शेठजी उभ्यानं सांगू लागले. "सदर घराबाबत येत्या पाडव्यापर्यंतची..."

"पाडवा नाई," मी म्हटलं. "मार्चअखेर लिवते."

"लिव्हा. मार्चअखेरपर्यंतची पट्टी भरून पावली. आता इकनाराकडं कोन्तंबी देनं रायलं नाई."

मी लिहीत गेले. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. मग मी लिहिलं, 'आता विकणाऱ्याकडे घरपट्टीचे देणे राहिले नाही.' खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून वाचला. अडत्याचं वाचणं ते, एक अक्षर सुटत नाही. "'कोन्तंबी' लिव्हा लागते," ते म्हणाले. "तशीच रीत हाये फारखतीची."

"मले पट्टीपुरतंच लिवता येते, शेठजी. बाकीच्याची फारखत मी कशी देऊ? थे माह्या हातात नाई."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग चष्मा काढला.

"नाई देल्ले थे पैसे," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलंही नव्हतं. "धोंड्याच्या महिन्याचे. कोनालेच नाई."

त्यांनी कागदाची घडी केली, आतल्या खिशात ठेवली आणि वरून कोटाचं बटण लावलं. 'कोन्तंबी' लिहून द्या, हे त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.